भूकंपानंतरचे पावसाळे

पामीरच्या डोंगरात, आजच्या ताजिकिस्तानात, मुरगाब नदीच्या काठावर उसोई नावाचं एक गाव होतं. १८ फेब्रुवारी १९११ रोजी तिथे मोठा भूकंप झाला आणि गावाच्या डोक्यावरचा डोंगर तुटून दरीत आला. सुमारे दोन घन किलोमीटर दगडमाती. गाव तिच्याखाली गेलं, नदी अडली, आणि आपोआप जो बांध पडला तो पाचशे मीटरहून उंच आहे. माणसाने आजवर बांधलेलं एकही धरण एवढं उंच नाही. मागे पाणी चढत राहिलं. काही महिन्यांत वरच्या अंगाला असलेलं सारेझ हे दुसरं गाव त्यात बुडालं, आणि तळ्याला नाव त्याचंच मिळालं. सारेझ तळं आज साठेक किलोमीटर लांब आहे. तो बांध कधी फुटला तर काय, हा विचार उशाशी घेऊन खालच्या बार्तांग दरीतली माणसं आजही राहतात.

ऐन हिवाळ्यात घडलेली ही गोष्ट बाहेर कळायला कित्येक आठवडे लागले. मला या सगळ्यात सर्वांत जास्त खुपतं ते हेच. एक गाव संपलं, दुसऱ्यात पाणी शिरायला लागलं, आणि बाहेर कुणाला पत्ता नाही.

आमच्याकडे भूकंप म्हटलं की लोकांना किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन आटोपून माणसं झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती झोपेतच अंगावर आल्या आणि लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात दहा हजारांच्या घरात माणसं गेली. मी तेव्हा शिकत होतो. गावोगाव ज्वारी, भांडी, चादरी गोळा होत होत्या. आमच्या गावातूनही एक ट्रक भरून निघाला आणि तो पोचला. हे पोचणं मी मुद्दाम सांगतो आहे. किल्लारी सपाटीवर आहे. घरं पडली, पण घराखालची जमीन जागेवर राहिली. रस्ता राहिला. नदी आपल्या वाटेने वाहत राहिली. डोंगरातल्या भूकंपात यातलं काहीही धरून चालता येत नाही. तिथे जमीन हलायची थांबते तेव्हा संकटाचा पहिला दिवस सुरू झालेला असतो, आणि पुढचे दिवस महिने-वर्षं चालतात. त्या पुढच्या दिवसांकडे बघायला आपण फारसे थांबत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

विदर्भातल्या माणसाला हिमालयाचं एवढं काय, असं कुणी विचारलं तर मी नकाशा पुढे करतो. हिमालय ज्या रेट्याने उभा राहिला आणि अजूनही उचलला जातो आहे, तो रेटा आपल्याच जमिनीचा आहे. राजुरा, नागपूर, किल्लारी ज्या भूपट्टावर आहेत तो सगळा वर्षाला चार-पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो. त्यातले सुमारे दोन सेंटीमीटर हिमालयाखाली अडून राहतात आणि तो ताण साचत जातो. शंभर वर्षांत दोन मीटर. कुठेतरी, कधीतरी, तो एका मिनिटात सुटतो. कपाशीच्या तासात उभं राहून यातलं काही जाणवत नाही. पण माझ्या पायाखालची ही थंड, गप्प जमीन तिकडे डोंगर ढकलते आहे हे एकदा कळल्यावर नेपाळातली दरड मला परक्या मुलखातली बातमी वाटेनाशी झाली.

मी राजुरा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत वरच्या वर्गांना भूगोल शिकवतो. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. एका अंगाला दूरवर माणिकगडचा पहाड, आणि जवळ उघड्या कोळसा खाणीचे ओबीचे ढिगारे. कोळशावरची माती आणि दगड काढून बाहेर रचतात, त्याला इथे सगळे ओबीच म्हणतात. आमच्या पोरांना रोज दिसणारा सगळ्यात उंच डोंगर तोच.

जमीन हलणंही आमच्या लोकांना नवं नाही. खाणीत ब्लास्टिंग झाली की मांडणीवरची भांडी वाजतात. भिंतीतल्या भेगा लोक दर दिवाळीला बुजवतात. ४ डिसेंबर २०२४ ला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी धक्का बसला तेव्हा शेजारच्या काकूंनी कुंपणापलीकडून हाक मारून विचारलं, "गुरुजी, आज सकारीच ब्लास्टिंग केली का जी?" ती ब्लास्टिंग नव्हती. तेलंगणात मुलुगूजवळ ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला होता आणि गडचिरोली, चंद्रपूर, थेट नागपूरपर्यंत तो जाणवला होता. वेचणीला निघालेल्या बाया घटकाभर पारापाशी थांबल्या, एकमेकींना विचारून घेतलं आणि वावरात गेल्या. सपाटीवर एवढ्या ताकदीच्या भूकंपाने एवढंच झालं. तीव्रता त्याहून थोडी जास्त, खोली कमी आणि वर उभा डोंगर असता, तर काय झालं असतं ते अफगाणिस्तानातल्या कुनारमध्ये दिसलं. त्याकडे येतोच.

आधी डोंगर का तुटतो ते. तरुण डोंगरांच्या उतारांची एक मर्यादा असते. नदी खालून पाय कापत राहते, वरून ऊनपाऊस खडक सैल करत राहतो, आणि उतार जेवढा उभा राहू शकतो तेवढा जवळजवळ उभा असतोच. त्यात भूकंपाच्या लहरी आल्या की त्यांचा जोर डोंगराच्या कण्याकडे वाढत जातो. दरीतल्यापेक्षा माथ्यावर हलणं जास्त. जो उतार लगेच कोसळतो तो सगळ्यांना दिसतो. जो कोसळत नाही त्याच्या माथ्याशी एक आडवी भेग पडलेली असते आणि ती खालच्या गावातून दिसत नाही. पावसाचं पाणी मात्र तिच्यात बरोबर शिरतं.

ही भेग मी मुलांना ओबीवर दाखवतो, लांबूनच. पावसाळ्यात ढिगाऱ्याचा एखादा कोपरा घसरून नाल्यात येतो. त्याच्या आधी कितीतरी दिवस माथ्याशी कोयत्याच्या आकाराची एक रेघ दिसायला लागते. पोरांची नजर माझ्यापेक्षा तेज आहे. ती रेघ त्यांना आधी दिसते.

नेपाळात २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाने, तीव्रता ७.८, सुमारे २५ हजार दरडी कोसळवल्या. संशोधकांनी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून त्या एकेक करून मोजल्या. लांगटांग लिरुंग या ७,२२७ मीटर उंच शिखराच्या अंगावरून बर्फ आणि दगड सुटले आणि खालचं लांगटांग गाव काही मिनिटांत नाहीसं झालं. गावकरी, वाटाडे, परदेशी प्रवासी मिळून तीनशेहून अधिक माणसं गेली. पडणाऱ्या बर्फाने पुढे ढकललेल्या हवेचा झोत एवढा होता की समोरच्या उतारावरची झाडं आडवी झाली. गावात एक घर उरलं, कारण ते पुढे आलेल्या कड्याच्या पोटाशी होतं.

तो दिवस शनिवार होता. मास्तर माणूस असल्यामुळे तारखेच्या आधी मी वार बघतो. नेपाळात शनिवारी सुट्टी असते. भूकंप दुपारी बाराच्या थोडा आधी झाला आणि हजारो वर्गखोल्या पडल्या, त्या रिकाम्या होत्या. ८ ऑक्टोबर २००५ हाही शनिवारच. काश्मीरच्या त्या भूकंपाची तीव्रता ७.६ होती, वेळ पाकिस्तानातली सकाळची ८ वाजून ५० मिनिटं, आणि तिथे शनिवारी शाळा होती. सत्तर हजारांहून अधिक माणसं गेली. त्यात शाळेत बसलेली सुमारे १७ हजार मुलं होती. आमचीही शनिवारची शाळा सकाळचीच असते. नऊला दहा कमी, म्हणजे परिपाठ आटोपलेला, हजेरी झालेली, पहिले तास सुरू असलेले. या दोन शनिवारांतलं अंतर माझ्या डोक्यातून जात नाही. वर्गाच्या दारात उभा राहून मी मुलं मोजतो तेव्हा कधीतरी ते आठवतं आणि मी पुन्हा एकदा छताकडे बघून घेतो.

आता रस्त्याबद्दल. माझा मावसभाऊ फौजेत होता. सप्टेंबर २०११ मध्ये तो सिक्कीममध्ये होता. १८ तारखेला, रविवारी, संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांनी ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. पाऊस सुरू होताच. मंगनहून चुंगथांगकडे जाणारा रस्ता जागोजागी दरडींखाली गेला, आणि त्याच्या पलीकडची लाचेन, लाचुंग ही गावं तुटली. ढगांमुळे हेलिकॉप्टर उडेना. सुट्टीवर आला तेव्हा अंगणात बाजेवर बसून तो जे सांगायचा ते मला त्याच्याच शब्दांत आठवतं. "दादा, डोझर लावला, रस्ता साफ केला, माणूस मागं वळते तं वरून पुन्हा दगड. एक जण नुसता वर पाहाले उभा ठेवला होता, शिट्टी देऊन. त्यानं शिट्टी वाजवली का सगळे पळायचे. दिवसातून कित्येकदा पळायचे." रस्ता उघडला असं वर्तमानपत्रात आलं त्या दिवशीही तो माणूस शिट्टी घेऊन उभाच होता म्हणे.

डोंगरी मुलखात रस्ता एकच असतो. तो नदीच्या कडेने जातो, म्हणजे दरडीच्या पायथ्याने जातो. त्यामुळे भूकंपात सगळ्यात आधी तो जातो. मदत जिथपर्यंत गाडी जाते तिथपर्यंत पोचते आणि तिथेच रेंगाळते. वाहिन्यांचे कॅमेरेही तिथपर्यंतच जातात. पुढच्या गावांची गणती शेवटी होते, आणि बहुतेकदा सगळ्यात मोठे आकडे तिथेच असतात. म्हणून मृतांचा आकडा पहिल्या दिवशी कमी दिसतो आणि आठवडाभर वाढत राहतो. तो वाढतो तसतशी आपली नजर दुसऱ्या बातमीकडे गेलेली असते.

३१ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्रीच्या आसपास कुनार प्रांतात भूकंप झाला. तीव्रता फक्त ६.०, पण अगदी उथळ. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. पंगत उठत असताना कुणाच्या तरी मोबाइलवर शेकड्यांचा आकडा आला. पुढच्या दिवसांत तो २,२०० च्या वर गेला. उतारावर एकावर एक रचल्यासारखी दगडमातीची घरं. एका घराचं छत म्हणजे वरच्या घराचं अंगण. वाटा दरडींनी बुजलेल्या. हेलिकॉप्टर उतरायला जागा नव्हती तिथे माणसं हवेतून उतरवावी लागली. जखमींना खाटेवर घालून डोंगर उतरावा लागला.

खाटेवरचा माणूस मी पाहिला आहे. नोकरीची सुरुवातीची वर्षं मी भामरागड तालुक्यात काढली. पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जायचा आणि पलीकडची सगळी गावं आपापल्या जागी अडकायची. बाळंतपण अडलेल्या बाईला खाटेची कावड करून चिखलातून आणताना मी पाहिलं आहे, आणि त्या कावडीला खांदाही दिला आहे. तिथल्या माडिया लोकांनी मला एक गोष्ट शिकवली. तुटलेलं गाव हातावर हात ठेवून बसत नाही. कुणाच्या घरी किती तांदूळ आहे, कोण आजारी आहे, कोणती वाट अजून चालण्यासारखी आहे, हे गावाला नेमकं ठाऊक असतं. बाहेर मात्र ते कुणी विचारत नाही, कारण बाहेरच्यांना गाव पुन्हा दिसतं ते पाणी उतरल्यावरच. भामरागडला निदान पाणी उतरायचा दिवस ठरलेला होता. आज ना उद्या पूल वर येणार. डोंगरात रस्ताच नाहीसा झालेला असतो, आणि त्याच्या जागी नवा काढायचा तर तो त्याच सैल उतारावरून काढायचा असतो.

नदीचं तर वेगळंच. भूकंपात दरड नदीत पडली की खाली पाणी रोडावतं आणि वर तळं साचायला लागतं. मातीचा तो बांध कुणी बांधलेला नसतो. त्याला सांडवा नसतो. पाणी त्याच्या माथ्यावर पोचलं की ते माती कातत जातं, आणि काही तासांत सगळं तळं एकदम खाली येतं. १ जून १७८६ रोजी चीनच्या सिचुआन प्रांतात भूकंपाने दादू नदी अडली. दहाव्या दिवशी बांध फुटला आणि खालच्या खोऱ्यात सुमारे एक लाख माणसं बुडाली अशी नोंद आहे. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९५० ला, देश स्वातंत्र्यदिन साजरा करून संध्याकाळी घरी परतत असताना, आसाम-तिबेट सीमेवर ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. सुबनसिरी नदी दरडीने अडली. आठ दिवसांनी तो बांध फुटला, सात मीटर उंच लाट आली आणि ५३२ माणसं गेली. जमीन हलताना ती सगळी जिवंत होती. आठ दिवस ती जगली, घरं सावरत असतील, नातेवाइकांची चौकशी करत असतील. त्यांना कुणी सांगितलं असतं तर ती वाचली असती. डोंगरांतून आलेल्या त्या गाळाने पुढे ब्रह्मपुत्रेचं पात्र उचललं गेलं आणि दिब्रुगडला पूर आणि काठ ढासळणं कित्येक वर्षं सोसावं लागलं.

सांगता येतं, हे २००८ मध्ये दिसलं. १२ मे रोजी चीनमध्ये, त्याच सिचुआन प्रांतात, वेंचुआनला ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला. मृत आणि बेपत्ता मिळून सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास. त्यातले वीसेक हजार एकट्या दरडींनी नेले असा अंदाज आहे. उद्ध्वस्त झालेल्या बेइचुआन गावाच्या वर तांगजियाशान इथे दरडीने नदी अडवली आणि वीस कोटी घनमीटरपेक्षा जास्त पाणी साचलं. रस्ता नव्हताच. यंत्रं हेलिकॉप्टरला टांगून नेली. सैनिक पाठीवर स्फोटकं घेऊन डोंगर चढले. बांधाच्या माथ्यावर चर खोदला. त्याच वेळी खालच्या भागातून दोन लाखांहून अधिक लोक हलवले. १० जूनला तळं त्या चरातून उतरलं आणि माणसं वाचली. त्यानंतर त्या भागाकडून बातमीदार निघून गेले. २४ सप्टेंबरला मोठा पाऊस झाला, भूकंपाने सैल झालेल्या घळीतली सगळी दगडमाती वाहत आली आणि बेइचुआनचे जे अवशेष उभे होते त्यातला मोठा भाग तिच्याखाली गेला.

भूकंप मिनिटांत मोजतात. डोंगरात तो पावसाळ्यांत मोजायला हवा असं मला वाटतं. पहिला पावसाळा, दुसरा, तिसरा. वेंचुआनमध्ये आणि नेपाळातही भूकंपानंतर काही वर्षं पावसात दरडी कोसळण्याचं प्रमाण आधीपेक्षा चढं राहिलं. काश्मीरमध्ये हट्टियान बाला इथल्या दरडीने सुमारे हजार माणसं गाडली आणि कार्ली नदीवर तळं साचलं. ते तळं फुटलं फेब्रुवारी २०१० मध्ये, म्हणजे भूकंपाला चार वर्षं उलटून गेल्यावर. मदतीचा हिशोब मात्र आपण त्या आठवड्याचा करतो. तंबू, ब्लँकेट, धान्य. ते लागतंच, त्याला कमी लेखायचं नाही. पण जूनच्या आधी कुणीतरी त्या उतारांवर चढून भेगा बघायला हव्यात. कोणतं गाव तात्पुरतं हलवायचं ते ठरवायला हवं. शाळा परत त्याच घळीच्या तोंडाशी बांधू नये म्हणून भांडायला हवं. या कामाला ट्रक भरून निघत नाहीत.

आमच्या देवघरात आजोबांच्या वेळचा एक शाळिग्राम आहे. काळा, गुळगुळीत, एका अंगाला चक्राची खूण. तो नेपाळातल्या काली गंडकीतून येतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या शंखवर्गीय जिवाचा तो अवशेष. त्या समुद्राचा तळ उचलला जाऊन हिमालयात गेला. तिथले उतार तुटतात, दगड नदीत पडतात, घासत खाली येतात, तेव्हा तो कुणाच्या तरी हाती लागतो. तुळशीचं पान वाहताना हे मनात येतं की ज्या तुटण्याने माझ्या घरात देव आला त्याच तुटण्याच्या पायथ्याशी माणसं राहतात.

त्या काली गंडकीच्याच काठी, म्याग्दी जिल्ह्यात, रामचे नावाचं गाव होतं. २०१५ च्या भूकंपाने त्याच्यावरचा डोंगर तडकला होता, पण कोसळला नव्हता. महिनाभराने दगड सुटायला लागले. गावकऱ्यांनी ते ओळखलं आणि ते घरं सोडून निघाले. २३-२४ मेच्या रात्री डोंगर आला. घरं गाडली गेली, नदी अडली, मागे तळं साचलं. माणूस एकही गेला नाही. खालच्या गावांना उंचावर जायला सांगितलं, सीमेपलीकडे बिहारपर्यंत इशारा गेला. पंधराएक तासांनी पाणी बांधावरून आपोआप वाहायला लागलं आणि हळूहळू उतरलं. या घटनेबद्दल फार कुणी बोलत नाही, कारण मोजायला मृतदेह नव्हते. मला मात्र या सगळ्या वाचनात हीच रात्र सगळ्यात मोलाची वाटते. यंत्र नव्हतं, रडार नव्हतं. वर बघणारी माणसं होती आणि त्यांचं ऐकणारं गाव होतं.

पाठ्यपुस्तकातल्या भूकंपाच्या सूचना आपल्याकडच्या घरांसाठी आहेत. टेबलाखाली शिरा, भिंतीपासून दूर व्हा, मोकळ्या जागी या. त्या मी शिकवतो, आणि फळ्यावर त्यांच्याखाली आणखी थोडं लिहितो. डोंगरात असाल तर हलणं थांबल्यावर वर बघा. ओढ्याचं पाणी कमी झालं, गढूळ झालं, तर थांबू नका, उंचावर चढा. पाऊस लागला की पुन्हा वर बघा. आमची पोरं पुढे कुठे कुठे जातील सांगता येत नाही. कुणी फौजेत जाईल, कुणी बोगद्याच्या कामावर, कुणी चारधामला आईबापांना घेऊन जाईल.

गेल्या वर्षी हे शिकवत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. ती नाल्याकाठच्या वस्तीतली. तिने विचारलं, "गुरुजी, आमचा नाला बी ओबीखालूनच येते. त्याचं पानी आटलं तं आमी कोठी चढावं?"

माझ्याकडे लगेच सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, कारण आमच्या वस्तीच्या आसपास उंच म्हणावी अशी जागा ओबी सोडून दुसरी नाही. ते उत्तर शोधायला आम्ही सरपंच, दोन-तीन पालक आणि वरच्या वर्गाची मुलं असे सगळे नाल्याच्या काठाने वरपर्यंत चालत गेलो. ढिगाऱ्याचा पाय नाल्याच्या पात्रात आलेला होता. माथ्याशी रेघ होती. पुढच्या ग्रामसभेत ठराव झाला. नाल्यातली माती काढावी, ढिगाऱ्याचा उतार कमी करावा, आणि पावसाळ्याचे चार महिने नाल्याकाठच्या घरांनी रात्री कुठे जायचं ती जागा आत्ताच ठरवून ठेवावी. पहिल्या दोन मागण्यांची पोच आली आहे, काम व्हायचं आहे. तिसरं आमच्या हातात होतं. शाळेच्या दोन खोल्या ठरल्या, किल्ली त्या मुलीच्या घराशेजारी राहणाऱ्या अंगणवाडी सेविकेकडे दिली आहे.